शिवणीतली माया

वहीच्या पहिल्या पानावर नऊ नावं आहेत.
नऊ गळे, नऊ छात्या, नऊ कमरा,
आणि लिब्रादोच्या नावापुढे एक जादा माप:
डावा खांदा ते काख.
तिथे ट्यूबा बसतो,
तिथलंच कापड आधी विरतं.

तेव्हा त्यांना अवघी चार गाणी येत होती.
लग्नाला तीच, बारशाला तीच,
मयताला तीच, जरा सावकाश.
पैसे नव्हते. कापड मी मासात्लानहून उधार आणलं,
पडद्यांचं, गर्द हिरवं.
क्रेसेन्सियो आरशात बघून म्हणाला,
एर्लिंदा, आम्ही सोफ्यासारखे दिसतोय.
दिसत होतेच.
पण सान्ता रीताच्या जत्रेत ट्यूबाचा पहिला स्वर
जमिनीखालून माझ्या टाचांत शिरला,
सगळं गाव नाचायला उठलं,
आणि मी नुसती नऊ पाठींवरच्या शिवणी बघत राहिले.
एकही उसवली नाही.

आई सांगायची, पुरुषाच्या कपड्यात दोन बोटं माया ठेवावी.
पुरुष सुटतो नाहीतर वाळतो,
सांगून काहीच करत नाही.

मग रेडिओ. मग कुलियाकान.
मग एक बस, तिच्या पाठीवर रंगवलेला कोयोट
(गावातली पोरं त्याला कुत्रा म्हणायची),
मग लॉस एंजेलिसहून फोन:
गुलाबी सूट, पाठीवर मण्यांचे कोयोट,
गुरुवारपर्यंत.
माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर त्या गुरुवारी वाढला.
फेर्मिनच्या कमरेची माया मी दोनदा सोडली,
तिसऱ्यांदा सोडायला उरलीच नव्हती,
तेव्हा काखेखालून पट्टी जोडली.
टीव्हीवर दिसली नाही.
मला दिसली.

चौदाव्या पानाबद्दल मी फार बोलत नाही.
डोंगरातल्या एका रांचोवरून बोलावणं आलं,
नाही म्हणता येत नाही तसलं.
तीन रात्री वाजवलं.
यजमानाला एकच गाणं एकवीस वेळा हवं होतं.
परत आले ते आठ.
नाबोरचा दुसरा सूट माझ्याकडेच होता, बटण तुटलं म्हणून.
बटण लावलं.
चार महिने तो खुंटीवर होता,
मग त्याची आई आली, घडी न घालता घेऊन गेली,
दोन्ही हातांवर,
झोपलेलं मूल न्यावं तसा.

त्यानंतर ढोलाला दुसरा माणूस. हात हलका.
त्यानंतर भांडणं.
एलादिओ आणि एलेउतेरिओ, जुळे, दोघेही ट्रम्पेट,
एकाच आईच्या पोटात नऊ महिने निभावलेले,
एका बसमध्ये निभेनात.
बँडचं नाव कोर्टात गेलं.
आठाचे चार-चार झाले, दोन्हीकडे नवी पोरं भरली,
दोन्ही बँड खरे, दोन्ही पोस्टरवर तोच कुत्रा.
एकाच आठवड्यात दोघे माझ्याकडे,
एक सकाळी, एक दिवेलागणीला.
त्याने कोणता रंग घेतला गं?
मी दोघांनाही सांगितलं, लाल.
दोघांनीही निळा मागितला.
माप घ्यायची गरजच नव्हती. अजून बोटभराचाही फरक नाही.

जत्रेत दोन मंच, समोरासमोर, तीच निळाई.
लोक पोट धरून हसले.
ते दोघे नाही.
मग वीज गेली, आमच्याकडे जातेच.
पितळेला विजेचं काय?
अंधारात कोणीतरी सुरू केलं, कोणीतरी उचललं,
कुठला स्वर कुठल्या मंचावरून, मला कळेना.
वीज आली तसे थांबले.
खटला अजून चालू आहे.

काल लिब्रादो आला, वाळलेला,
तो पहिला हिरवा कोट हातावर. आत घे म्हणाला.
सोबत नात, युरिदिया, सोळा वर्षांची.
ट्यूबा आता तिच्याकडे.
मी वहीत नवीन ओळ आखली:
डावा खांदा ते काख.
ती म्हणते, एकदम अंगाबरोबर हवं, आजकाल तसंच घालतात.
बरं, म्हटलं.
आणि खडूची रेघ
दोन बोटं बाहेरून ओढली.