सात इंच

अलामोसाच्या वेशीवर, कोलोरॅडोतल्या रिवाजाप्रमाणे,
पाटीवर लोकसंख्या नाही, उंची आहे :
सात हजार पाचशे चव्वेचाळीस फूट.
माणसांचं काय, येतात जातात.

मी श्रीवर्धनची. म्हणजे शून्याची.
भूगोलात 'समुद्रसपाटीपासून' आलं
की आमच्या बाई नुसतं खिडकीबाहेर बोट दाखवायच्या.

इथे पाणी लवकर उकळतं, तूरडाळ उशिरा शिजते.
खिंड ओलांडून आणलेलं वेफर्सचं पाकीट
रुसलेल्या पोराच्या गालासारखं टम्म.
पहिल्याच महिन्यात माझं नाक फुटलं तेव्हा
एलॉय त्रुहीयोनं कुंपणावरून व्हॅसलीनची डबी दिली.
म्हणाला, इथली हवा तहानलेली आहे.
ओलं दिसेल ते पिते. मनाला लावून घेऊ नकोस.

जानेवारीत थंडी डोंगरांवरून ओघळत येते
आणि खोऱ्याच्या तळाशी साचून राहते.
वर ब्लांका शिखरावर ऊन खुशाल बसलेलं,
खाली आमच्या अंगणात उणे तीस.
थंडीला वजन असतं
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी इस्पितळात श्वास मोजते.
बोटाला चिमटा, आकडा, पुढचा.
एक्याण्णव आला तर श्रीवर्धनात रिक्षा बोलावतील,
इथे एक्याण्णव म्हणजे ठणठणीत.

एलॉय पाऊस मोजायचा.
एकतीस वर्षं, रोज सकाळी सातला,
परसातल्या खांबावरची नळी, तिच्यात बुडवायची पट्टी,
आणि बटाट्याच्या कंपनीनं फुकट दिलेल्या वहीत नोंद.
वर्षाचा पाऊस सात इंच.
फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली,
"सात इंच? किती वाजेपर्यंत?"

वहीत पानंच्या पानं शून्य.
मधेच कुठे इंग्रजी टी.
म्हणजे पडला, पण पट्टी भिजली नाही.

आणि काही पाऊस तर वहीतही येत नाही.
ऑगस्टच्या दुपारी ढगाखाली करडी झालर लोंबते,
वाऱ्यानं तिरकी होते,
आणि जमिनीच्या बरीच वर, अधांतरीच, संपते.
एलॉयकडे त्याला शब्द होता. व्हिर्गा.
मी आईला विचारलं, आपल्यात काय म्हणतात?
ती थोडा वेळ गप्प.
"अगं, जो पोचलाच नाही
त्याचं बारसं कोण करणार?"

गेल्या हिवाळ्यात त्याच्या बोटाला चिमटा मीच लावला.
अठ्ठ्याहत्तर. बोट चोळून ऊबदार केलं, पुन्हा लावला.
अठ्ठ्याहत्तर.
डॉक्टर म्हणाले, आता उंची झेपणार नाही.
आमच्याकडे म्हातारी माणसं वर जातात,
इथे त्याआधी एकदा खाली पाठवतात.
प्वेब्लोला, मुलीकडे, अठ्ठावीसशे फूट खाली.
जाताना त्यानं सिलिंडर गाडीत ठेवला,
युफेमियाचा फोटो मांडीवर घेतला,
आणि वही, पट्टी माझ्याकडे दिली.
सूचना काहीच नाही. फक्त, "सातला. सव्वासातला नाही."

आज सात वाजता पट्टी कोरडी.
वळले, तर गाडीच्या टपावरच्या धुळीत
देवीच्या वणांसारखे खड्डे, सहा. नाही, सात.
हात लावून पाहिला. कोरडे तेही.
थोडा विचार केला, मग टी लिहिला.

सात-दहाला फोन वाजला.
खालच्या हवेत त्याचा आवाज जाड झालाय.
"रात्री टीव्हीवर तुमच्याकडे ढग दाखवत होते,
पोचला का?"

म्हणाले, हो.
गाडीच्या टपापर्यंत.