सफाईचं घराणं

पहाटे साडेपाचला पाकळ्या तोडायच्या.
परभणीचं ऊन वासाला थांबू देत नाही.
डबीवर दोनच गोष्टी लिहायच्या, झाड आणि वेळ;
मग द्रव नायट्रोजनचा पांढरा धूर,
आणि खलात पाकळी काचेसारखी फुटते.

तीन वर्षं कंत्राटावर हेच.
डावीकडचा वाफा गावठी,
फूल दुपारीच मान टाकतं
पण सायकल स्टँडपर्यंत दरवळतं.
उजवीकडे पॉलिहाऊसची लाल जात,
खोक्यात बसून हैदराबादेला जाते,
दहा दिवस ताठ.
नाकाशी धरली तर कोरा कागद.

हिचा वास कुणी काढून घेतला, मी विचारलं.
कंधारकर मॅडम म्हणाल्या, काढला नाही कुणी.
जनुक आहे आत, अक्षरं जवळजवळ तीच,
फक्त पाकळीत ते कुणी वाचत नाही.
लोकांनी रंग निवडला, दांडा निवडला, टिकणं निवडलं.
वास निवडायचा राहून गेला.

मग चहा घेता घेता म्हणाल्या, गंमत सांगू?
ज्या एन्झाइममुळे गुलाबाला गुलाबाचा वास येतो ना,
त्याचं घराणं मुळात सफाईचं.
पेशीत खराब झालेले तुकडे वेचायचे,
चांगल्यात मिसळू द्यायचे नाहीत.
जिवाणूत तेच काम, माणसात तेच.
गुलाबात कधीतरी त्यांतल्या एकाची नक्कल झाली,
नकलेचीही नक्कल,
आणि पाकळीत बसून तो अत्तर करायला लागला.

मी कप विसळत राहिलो,
विसळलेलेसुद्धा.
भरतीच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय
मी 'नोकरी' एवढाच लिहिला होता.

उरुसात दर्ग्याच्या रस्त्याला तिची पाळी असते.
चादरींतून गळालेली, टाचांखाली गेलेली फुलं
घमेल्याने गाडीत टाकायची, उजाडायच्या आत.
ते चार दिवस तिच्या पदराजवळून गेलं की
वाटतं कुणी पाहुणी आलीय घरात.

संध्याकाळी तिला सांगितलं, जमेल तसं.
एन्झाइमला 'कामगार' म्हणालो.
ती भाकरी थापत होती.
"मग? पगार वाढला का त्याचा?"
मी हसलो. ती नाही हसली.
भाकरी उलटली, कडा दाबल्या.
"आन् त्यो दुसरा, लाल फुलातला?
हजेरीवर हाय न् त्याला कामच देत न्हाईत?"
मला उत्तर आलं नाही.
"कायम करतेत का तुला यंदा," ती म्हणाली,
"ते इचार त्या मॅडमला."

सकाळी उजव्या वाफ्यातली पाकळी खलात ठेवली,
आणि का कुणास ठाऊक, बत्ता उचलताना
आजीला हाक मारतात तशी हाक मारली,
गयाबाई, ओ गयाबाई,
वाकून, अगदी हळू.
धूर ओसरेपर्यंत थांबलो.

डबीवर लिहिलं:
झाड एकोणीस. पाच चाळीस.