दोनावरचं पोकळ वर्तुळ

चारठाण्याच्या दवाखान्यामागची क्वार्टर.
लाईट गेलेली. त्रेचाळीस.
वहीच्या मागच्या पानावर मी:

−७ ≤ ९ − २क्ष < ५

ढवारे बाई सांगतात,
मधल्या घरातून नऊ काढले
तर दोन्ही शेजाऱ्यांकडूनही काढायचे,
एकालाही सूट नाही.
काढले.

−१६ ≤ −२क्ष < −४

आता उणे दोननं भागायचं. इथंच मी मार खाते.
ऋण संख्येनं भागलं की
दोन्ही चिन्हं गर्रकन तोंड फिरवतात
आणि मी जुन्याच तोंडांकडं बघत बसते.
आज नाही. आज फिरवली.

२ < क्ष ≤ ८

माय दवाखान्यातून आली,
ओढणीनं मान पुसत
खांद्यावरून वाकली.
"ही तं माझी लस."

तिच्या फ्रीजवर तसंच लिहिलंय: दोन ते आठ.
सकाळ-संध्याकाळ ती काटा वाचते,
रजिस्टरात मांडते, सही करते.
लाईट गेली की झाकणाला कुलूप,
डॉक्टरांनी मागितली तरी चावी देत नाही.

संख्यारेषा काढली. आठावर भरीव ठिपका,
दोनावर पोकळ वर्तुळ.
"हे पोकळ कामून?"
"दोन त्याच्यात येत नाही."
"आमच्यात येतं."
जरा थांबून म्हणाली,
"पण मी जाऊ देत नाही तिथवर.
उन्हानं मेलेली लस कळते गं,
बाटलीवरचा चौकोन काळा पडतो.
गारठून मेलेली
तशीच दिसते. जित्यासारखी."

मग तिनं रिकामी मूठ हलवली,
बाटली असल्यासारखी,
आणि खिडकीच्या उजेडात धरून
गाळ खाली बसायची वाट बघितली.

पुढचं गणित सोपं होतं:
क्ष < ३ आणि क्ष > ५.
रेषेवर कुठंच काही नाही.
"किंवा" असतं तर दोन्हीकडं मोकळं रान.
"आणि" म्हटलं की संपलं.
"माय, पेपर बुधवारी आहे. सोबत येशील?"
बुधवारी वाड्यांवर लसीकरण.
ती काही बोलली नाही.
मी लिहिलं: उकल नाही.

बुधवारी पहाटे ओट्यावर
बर्फाच्या पुड्यांना घाम सुटायला ठेवलेला.
एक कानाशी नेऊन तिनं हलवली.
आत पाणी डुचमळलं.
"आता ठेवता येतील," म्हणाली,
आणि डब्याचं झाकण लावता लावता
"चिन्ह फिरव गं."