आठाचे चार

डिलीट दाबायला वेळ लागत नाही.
पाचवा गेला, सहावा गेला, सातवा गेला
तेव्हा कपातला चहा साय धरत होता
आणि खाली म्हापशाच्या बाजारात कोणीतरी
मिरच्यांवरून हुज्जत घालत होतं.

आठवा जरा अडला.
त्याच्यावर लिफ्टची खोली होती
आणि गच्चीत एक बाक,
कुणी सांगितला नसताना मी काढलेला.
तोही गेला.

पर्वरीच्या पठारावर आता चारच मजले येणार.
शेठ म्हणाले, सुधारित आराखडा म्हण,
कमी केला म्हणू नकोस.
स्विमिंग पूल होता तिथं गवत दाखव.
माहितीपत्रकावर घाल: निवांत, विरळ वस्तीचं.
भाव तेवढा विरळ होऊ दिला नाही.

ग्रामसभेत मीही होतो,
मागच्या रांगेत, पंखा पोचत नाही तिथं.
भाषणं झाली. मग फिलोमिना बाय उठल्या,
बोलल्या काहीच नाहीत.
तांब्याची कळशी नेऊन उपडी केली
सरपंचांच्या फायलीवर.
तीन थेंब पडले असतील नसतील.
विरोधात कोण, हात वर करा, म्हटलं कुणीतरी.
मी केला.
हाच. उजवा. माउस धरतो तो.

माझ्या परसातली विहीर फाल्गुनातच तळ दाखवते.
शेठना हे ठाऊक नाही.
किंवा असेलही. पगार एक तारखेला आला.

यादीत एक ओळ होती: सातशे दोन, हळर्णकर.
आता: तीनशे दोन, हळर्णकर, फरक परत.
परवा माणूसच आला.
कदंबा बसवर कंडक्टर होते, तेहतीस वर्षं.
सुट्टे पैसे द्यावेत तसे शब्द मोजून म्हणाले,
"फरकाचं नंतर बघू.
उंची किती होती, तेवढं सांगा."

खिडकीच्या कट्ट्यापर्यंत एकवीस मीटर साठ.
त्यांनी ते विजेच्या बिलामागं लिहून घेतलं.

"तिचं माहेर चोडणचं," म्हणाले.
"सातव्यावरून फेरीबोट दिसली असती
धक्का सोडताना.
आता तिला फेरीत चढवत नाही. गुडघे.
आणि पलीकडं आहे तरी कोण?
खाजनाचा बांध फुटला, शेत खाऱ्यात गेलं,
भाऊ पासपोर्ट काढून पोर्तुगालला.
फेरी तेवढी राहिलीय बघण्यासारखी."

सांगायचं होतं, की मी हात वर केला.
चहा मागवला.

फुंकर मारत ते विचारतात,
"चौथ्याच्या गच्चीत पाण्याची टाकी असेल ना?
तिच्यावर उभं राहिलं तर?
मी धरीन तिला."

अशा प्रश्नाला कॉम्प्युटर उघडत नाहीत.
सर्व्हेचा जुना नकाशा पसरला, पट्टी घेतली,
टाकीच्या कडेवरून रेघ ओढली पूर्वेला,
फणसावरून, हमरस्त्यावरून, उतारावरच्या कौलांवरून,
बिठ्ठोणच्या चर्चचा क्रूस निसटता चुकवत
थेट पाण्यापर्यंत.

दिसेल, म्हटलं. थोडीशी. भरती असली तर.

त्यांनी टेबलावर दोनदा टकटक केलं,
बस सोडायची असावी तसं,
आणि निघाले.

त्यांच्या चपला जिन्यावर वाजत होत्या
तोवर माझं बोट रेघेवरच होतं.
मधे एक मोकळा प्लॉट लागतो,
एकशे चौदा बटा दोन, काजूची नऊ झाडं.

त्याची फाईल काल संध्याकाळी आलीय.
टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात आहे.
दोरी अजून सोडलेली नाही.