फुटाला एक सूत

दर नोव्हेंबरात आम्ही दोघं बँकेत जातो
जिवंत आहोत हे सांगायला.
आबा चौऱ्याण्णव, मी एकोणसत्तर.
मिरजकर तिकटीला उतरताना
रिक्षावाला विचारतो, "दोघांतलं पेशंट कोण?"

काउंटरवरची पोरगी आबांचा अंगठा धरते,
यंत्रावर ठेवते, पदराला पुसते, पुन्हा ठेवते.
तांबडा दिवा.
"आजोबा, जरा दाबून."
दाबून काय होणार?
आधी उद्यमनगरात, मग आयटीआयच्या पोरांपुढे,
पटाशी, रंधा, काचकागद.
लाकूड घासता घासता अंगठाही घासला गेला,
आता तो नदीतल्या गोट्यासारखा.
दहाही बोटं लावून झाली.
दहाही वेळा आबा हयात नव्हते.

माझा अंगठा पहिल्या फटक्यात हिरवा.
वर्गात नंबर आल्यासारखं वाटलं क्षणभर,
मग लाज वाटली.

"साहेब जेवून येतील, बसा."
बाकड्यावर बसलो.
गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर
आबांच्या बरोबरचे सहा जण असायचे,
पहाटे, हातात फेसाचा पेला.
आता तिथल्या म्हशीसुद्धा
त्या म्हशींच्या खापरपणत्या असतील.
केरबा सुतार म्हणून हाक मारणारं
कुणी उरलं नाही गावात.
सगळे आजोबाच म्हणतात.

मी काय म्हणू?
सत्तरी आली तरी मला म्हातारं होता येत नाही,
घरातली ती जागा भरलेली आहे.
गुडघा दुखला तर पुटपुटायचं,
मोठ्यानं कण्हायचा मान त्यांचा.
रोज त्यांची पाठ चोळताना
हाताखाली मणके मोजतो
आणि मनात नको तो हिशेब येतो.
येतो. खोटं कशाला बोलू?

बायको म्हणते, "मला पंच्याहत्तर पुरेत."
त्याच आठवड्यात दहा वर्षांच्या गॅरंटीचा कुकर आणला,
पावती देवामागं जपून ठेवली.

मग बाकड्यावरच विचारलं,
पुढं बघत, टोकन नंबरांकडं बघत,
"आबा, खरं सांगा. अजून जगावं वाटतंय?"
त्यांना कमी ऐकू येतं,
म्हणून दुसऱ्यांदा मोठ्यानं विचारावं लागलं.
सगळी रांग वळून बघायला लागली.

आबा म्हणाले,
"वतलेलं बीड थंड हुताना आकसतंय. ठावं हाय न्हवं?
म्हणून पॅटर्न मोठाच करायचा.
फुटाला एक सूत.
न्हाईतर माल बारका निघतोय."
"मग?"
"मग काय मग? साठ वर्सं नीट भरायची
तर नव्वदीचं लाकूड घ्यावं लागतंय, लेका."
"आणि वरची तीस?"
"वरची कुठली? आकसत्यात."

साहेब आले, हात धुऊन, बडीशेप चघळत.
आबांकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं,
आणि पेनानं लिहिलं:
समक्ष पाहिले. हयात.
आबांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

रात्री माळ्यावरची पेटी काढली.
त्यांची ती पोलादी पट्टी,
जिचा फूट फुटापेक्षा एक सूत लांब.
सातवीत मी ती चुकून शाळेत नेली होती.
भूमितीची सगळी उत्तरं चुकली,
छड्या खाल्ल्या, तेव्हा कारण कळलं नाही.

कागदावर मांडून बघितलं:
त्या पट्टीनं मोजली
तर चौऱ्याण्णव वर्षं त्र्याण्णवच भरतात.
पुन्हा मांडलं. त्र्याण्णवच.
माझी मोजायचं टाळलं.

पलीकडून अंधारातून आवाज आला,
"पट्टी तेल लावून ठेव.
गंजंल."