विरजण

लॅमिंग्टन रोडवर, तिसऱ्या माळ्यावर,
सोल्डरच्या धुरात
तुस्कानो आणि मी अख्खं एक वर्ष
शब्द शोधत होतो.
'सेव्ह'ला तो म्हणाला, ठेवा.
मी म्हटलं, जतन करा.
भांडलो. चहा गार झाला.
शेवटी 'जतन करा' माझा राहिला
आणि 'रद्द करा' त्याचा.

पैसे कुणी देत नव्हतं, आम्हीही मागितले नाहीत.
परवाना होता, लांबलचक, वकिली इंग्रजीत.
तुस्कानोने तो मला वडापाव खाता खाता सांगितला:
घे, उघडून बघ, बदल, वाट.
फक्त ज्याला देशील
त्याचे हात बांधू नकोस.
म्हटलं, म्हणजे विरजण.
समोरच्या सावेबाई वाटी घेऊन येतात,
आपलं दही काही कमी होत नाही,
आणि उद्या आपलंच नासलं
तर त्यांच्या दाराशी जाता येतं.

माझगावच्या रात्रशाळेत अकरा भंगार मशिनं
त्या विरजणावर लागली.
पहाटे धक्क्यावर बर्फ फोडणारी पोरं
रात्री 'जतन करा' दाबायची.
मी मागे उभी राहून बघायची,
उगाच.

मग कंपनी आली.
नाव तेच ठेवलं, चिन्ह जरा गोल केलं.
एका सोमवारी अकराही पडद्यांवर:
नोंदणी क्रमांक टाका.

बीकेसीत, सतराव्या मजल्यावर,
गोडांबे नावाचा मुलगा फार नम्र होता.
परवान्याला आम्ही हात लावलेला नाही, मॅडम.
सोर्स ग्राहकांना मिळतो.
ग्राहकाने तो वाटला, तर त्याचा हक्कच आहे.
फक्त पुढच्या वर्षी
तो आमचा ग्राहक नसेल.

चोख वाक्य.
एक स्क्रू सैल नाही.

त्याच्या लॅपटॉपवर कोपऱ्यात
माझा शब्द होता.
विचारलं, हा कुणाचा?
म्हणाला, सिस्टीमचा.

तुस्कानो आता वसईला केळी बघतो.
फोनवर आधी हसला, मग खोकला,
मग म्हणाला, कपाटात वर बघ,
बिस्किटांच्या डब्यात,
करारांच्या आधीची एक डिस्क असेल.

होती. ओरखडे पडलेली.
शनिवारी रात्री पोरांना घेऊन बसले,
एकेका मशीनला वाटी वाटी दिली.

नऊ लागली.
दोन अजून पातळ आहेत.