ताळा

उश्गुलीत इंटरनेट आहे. गेस्टहाउसवाली मझेवा
पाटीवर तसं लिहूनही ठेवते.
त्या तारेवरून एका दिवसाचं शूटिंग तिबिलिसीला पाठवायचं
तर सदतीस दिवस लागतील, मी हिशेब केला होता.
शूटिंग बावीस दिवसांचं.

म्हणून जुंबेरची डेलिका.
चार टेराबाइट फोममध्ये, फोम पेटीत,
पेटी पुढच्या सीटवर, पेटीला सीटबेल्ट,
आणि अकरा तासांचा रस्ता: मेस्तिया, झुगदिदी, मग सपाटी.
तिबिलिसीत जाड तार आहे, तिथून टालिन
तासाभरात. संकलक सकाळची कॉफी पिता पिता बघतो
आमचा कालचा डोंगर.

माझं काम मधलं.
कार्ड आलं की दोन ठिकाणी उतरवायचं
आणि दोन्हींचा ताळा जुळेपर्यंत
कार्डाला कुणाला हात लावू द्यायचा नाही,
दिग्दर्शकालाही नाही.
शाळेत गुणाकार झाला की नऊचा ताळा करायचो, तसंच.
अख्ख्या दिवसाचा, ढगांसकट,
बत्तीस अक्षरांचा एक आकडा निघतो.
एक ठिपका इकडचा तिकडे झाला
तरी तो आकडा ओळख देत नाही.

नवव्या दिवशी एक फाइल जुळली नाही.
सत्तेचाळिसावी. म्हातारा गवत कापतो.
बाहेर जुंबेर हॉर्न वाजवत होता, दरीत ढग उतरत होते,
अंधारात तो घाट कुणी उतरत नाही.
मी पुन्हा उतरवायला घेतली. अठरा मिनिटं.
"मक्वाला, एवढं काय आहे त्यात?"
"गवत," मी म्हटलं.
तो खिडकीतून डोकावला, हसला.
"बाप आहे तो माझा. घरचं कुरण तसंच उभं आहे,
आणि हा तुमच्यासाठी कापतोय."

दुसऱ्यांदा जुळली. गेली.
फसलेली प्रत पुसायची असते. घाईत
एका जुन्या डिस्कमध्ये ढकलली,
नाव दिलं: चूक.

चित्रपट दीड तासाचा झाला. गवत त्यात नाही.
करार संपला, टालिनने जागा मोकळी केली,
टेपवरची प्रत ज्या कंपनीकडे होती
तिथे आता फोन कुणी उचलत नाही.
बिमुर्झा फेब्रुवारीत गेला, रस्ता बंद असताना;
जुंबेर खाली झुगदिदीत अडकलेला, चार दिवस.

मग त्याने विचारलं, आडून आडून,
आधी माझ्या आईची तब्येत, मग डेलिकाचा गिअरबॉक्स,
मग: पेटीत काही उरलं असेल का?

चूक उरली होती.

जूनमध्ये मीच गेले वर.
पेटीच्या जागी बसले, पेटीचाच सीटबेल्ट लावून.
एंगुरीच्या धरणापाशी त्याने गाडी बाजूला घेतली.
फाइल छोटी करून आणली होती, त्याच्या फोनवर जायला
चाळीस सेकंद लागले. ते चाळीस सेकंद
तो धरणाकडे बघत राहिला.

बिमुर्झा लांब दांड्याचा विळा फिरवतो,
गवत एका कुशीवर पडतं.
बाराव्या सेकंदाला त्याच्या खांद्यावरून
एक हिरवी रेघ सरकते आणि नाहीशी होते.
तिथे जुळलं नव्हतं.
मग तो थांबतो, पात्याला दगड लावतो,
आणि थेट भिंगात बघून स्वानमध्ये काहीतरी बोलतो.
पटकथेत ते नव्हतं. युनिटमध्ये स्वान कुणाला येत नव्हती.
त्यापायीच तर शॉट गेला.

"काय म्हणतो?"
जुंबेरने पुन्हा लावलं. पुन्हा लावलं.
मागून एका ट्रकने हॉर्न दिला, त्याने हात बाहेर काढून
पुढे जा म्हणून खुणावलं.

"म्हणतो, हे जनावर सकाळपासून माझ्याकडे बघतंय,
याला कुणी काही खायला घातलंय का."